बीफ स्ट्यू : परतल्याने रस कोंडला जात नाही

स्लो कुकरमधल्या बीफ स्ट्यूच्या अमेरिकी पाककृतींत एक वाक्य हमखास असते : मांसाचे तुकडे आधी पॅनमध्ये लालसर परतावेत, म्हणजे रस आत कोंडला जातो. परतण्याचा सल्ला योग्य, पण त्याचे दिलेले कारण साफ चुकीचे आहे.

ही कल्पना जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांच्या १८४७च्या ग्रंथामुळे फोफावली. कडक आचेने पृष्ठभागावरची प्रथिने गोठून रस अडवणारे कवच तयार होते, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे प्रयोगांत ते टिकले नाही. हॅरल्ड मॅकगी यांनी १९८४मध्ये ‘ऑन फूड अँड कुकिंग’मध्ये ते सविस्तर खोडून काढले, तरी वाक्य छापले जातेच. खरे तर पुरावा चुलीवरच आहे. मांस परतताना जो चर्र आवाज येत राहतो, तो बाहेर पडणाऱ्या पाण्याची वाफ होण्याचा असतो. परतलेले तुकडे ताटलीत काढले की थोड्याच वेळात खाली लालसर रस साचतो. कवच अभेद्य असेल, तर हा रस आला कुठून?

साधारण ६० अंश सेल्सिअसनंतर स्नायूंचे तंतू आकसू लागतात आणि पाणी पिळून बाहेर टाकतात. परतले काय, न परतले काय, हे टळत नाही. स्ट्यूचे मांस मऊ लागते ते कोलॅजेन या प्रथिनामुळे : ७० अंशांच्या पुढे तासन्‌तास शिजताना त्याचे जिलेटिन होते. म्हणून खांद्याचे चिवट, स्वस्त मांसच घ्यावे. महागडे, कोलॅजेन कमी असलेले मांस रश्श्यात बुडूनही कोरडे, चोथट होते.

परतायचे ते चवीसाठी. ज्या मायार अभिक्रियेने खरपूस चव येते, ती १४० अंशांच्या आसपास जोमाने होते. पाण्याने भरलेला स्लो कुकर १०० अंशांपलीकडे जात नाही, म्हणून ही चव आधी पॅनमध्येच आणावी लागते. तुकडे टिपून कोरडे करावेत, पॅनमध्ये गर्दी करू नये. तळाशी धरलेली खरपुडी थोडे पाणी घालून खरवडावी आणि कुकरमध्ये ओतावी. ती टाकून देणे म्हणजे परतण्याची मेहनत फुकट घालवणे.

‘लो’वर स्ट्यू कमी तापमानाला शिजतो, हेही खरे नाही : बहुतेक स्लो कुकर ‘लो’ आणि ‘हाय’ या दोन्ही बटणांवर अखेर उकळीच्या जवळ पोचतात, फरक वेळेचा असतो. गोठलेले मांस थेट टाकू नये : ४ ते ६० अंशांत जिवाणू झपाट्याने वाढतात, म्हणून अमेरिकेचा कृषी विभाग ते आधी फ्रिजमध्ये वितळवायला सांगतो. झाकण उघडून वारंवार ढवळल्याने चव मुरत नाही, उष्णता जाते.

स्ट्यूत पालेभाजी सकाळीच घातली तर तिचे सत्त्व रश्श्यात उतरते, हा समज अर्धाच खरा आहे. काही क्षार उतरतात, पण क जीवनसत्त्व आठ तासांच्या उष्णतेत बरेचसे नष्ट होते आणि रश्श्यात टोमॅटो असेल तर त्याच्या आंबटपणाने पाने शेवाळी पडतात. ‘केल’ ही पालेभाजी शेवटच्या अर्ध्या तासात घालावी. पालकाला पाच-दहा मिनिटे पुरतात.