दंत महाविद्यालयातील उपचार : रुग्णाच्या अनुभवातून

दातदुखीने सहसा माणूस दगावत नाही. म्हणूनच की काय, ग्रामीण कुटुंबाच्या खर्चाच्या यादीत दातांचा क्रमांक अखेरचा लागतो. पेरणी आटोपू द्या, कापूस विकला जाऊ द्या, मग दाढेकडे पाहू, असे म्हणता म्हणता कीड मुळापर्यंत पोहोचते. तोवर लवंग, मिठाच्या गुळण्या आणि दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी यांवर दिवस काढले जातात. बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे व त्याच्या आसपासची गावे याला अपवाद नाहीत.

दुखणे सोसवेनासे झाले म्हणजे रुग्णापुढे तीन वाटा असतात. मलकापूर किंवा बुलढाणा येथील खासगी दंतवैद्य ही पहिली. बुलढाण्याचे जिल्हा रुग्णालय ही दुसरी. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क झाले असल्याने दात काढणे वा सिमेंट भरणे अशा कामांसाठी आधी तेथे जाणे केव्हाही श्रेयस्कर. तिसरी वाट दंत महाविद्यालयाची. ज्याला सर्वजण रूट कॅनॉल म्हणून ओळखतात तो मुळांचा उपचार, पूर्ण कवळी, वाकडे दात सरळ करणे, जबड्याची शस्त्रक्रिया, तोंड उघडेनासे होणे अशा गुंतागुंतीच्या बाबतींत या तिसऱ्या वाटेचा विचार अवश्य करावा. मात्र तेथील अनुभव इतर दवाखान्यांहून वेगळा असतो व त्याची पूर्वकल्पना नसेल तर रुग्ण पहिल्याच दिवशी कंटाळून परत फिरतो.

आपल्या देशात दंतवैद्यकाच्या महाविद्यालयीन शिक्षणाचा पाया कलकत्ता येथे १९२० साली डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी घातला. मुंबईत नायर रुग्णालयाशी संलग्न दंत महाविद्यालय १९३३ साली निघाले. विदर्भाच्या वाट्याला ही सोय पुष्कळ उशिरा, म्हणजे १९६८ साली नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयाच्या रूपाने आली. मराठवाड्यात तेव्हाच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९८२ साली असे महाविद्यालय सुरू झाले. ‘घाटी’ या नावाने परिचित असलेल्या शासकीय रुग्णालयाच्या परिसरात ते आहे. अमरावतीसही खासगी दंत महाविद्यालय आहे. धामणगाव बढे येथील रुग्ण नागपूरला जावयाचा तर मलकापूरहून रेल्वे धरतो. पण अंतराचा विचार करता त्याला संभाजीनगरच जवळचे.

महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात प्रथम केसपेपर काढावा लागतो. रुग्णाला वाटते की, आता ज्या दाढेने छळले ती दाखवली की काम झाले. परंतु त्याला आधी पाठविले जाते ते मुखरोगनिदान विभागात. तेथे एक विद्यार्थी त्याला बसवून संपूर्ण इतिहास विचारतो. मधुमेह आहे काय, रक्तदाब आहे काय, यापूर्वी दात काढला तेव्हा रक्त किती वेळ वाहिले, कोणत्या औषधाची बाधा होते काय. त्यानंतर दुखत नसलेले दातही एकेक करून तपासले जातात व क्ष-किरण चित्र काढले जाते. मग कोठे संबंधित विभागाची चिठ्ठी मिळते. रुग्णाच्या दृष्टीने सकाळ वाया गेली, आणि दाढ तशीच ठणकते आहे.

उपचाराच्या खुर्चीवरही हाच संथपणा असतो. अनुभवी दंतवैद्य अर्ध्या तासात जे सिमेंट भरील, त्याला विद्यार्थ्याच्या हातून दोन-तीन तास लागू शकतात. याचे कारण केवळ नवखेपणा नव्हे. कीड पूर्ण निघाली किंवा नाही, पोकळीचा आकार योग्य आहे किंवा नाही, हे अध्यापकाने पाहिल्याशिवाय विद्यार्थ्याला पुढची पायरी चढता येत नाही. आणि अध्यापकापुढे इतर खुर्च्यांवरचे रुग्णही असतात. खुर्चीवर तोंड उघडे ठेवून पडलेल्या माणसाला ही प्रतीक्षा जाचक वाटते, हे खरे आहे. पण त्याच्या एका दाढेवर दोन जोडी डोळ्यांची नजर असते आणि चूक झालीच तर ती त्याच बैठकीत दुरुस्त होण्याचा संभव अधिक. येथे रुग्ण पैशाऐवजी वेळ मोजतो, असे म्हणावयास हरकत नाही.

‘शिकाऊ मुले आमच्यावर हात साफ करतात’ ही तक्रार सर्रास ऐकू येते. वस्तुस्थिती अशी की, चार वर्षांचा अभ्यासक्रम व एक वर्षाची आंतरवासिता अशी या पदवीची रचना आहे. पहिली दोन वर्षे विद्यार्थ्याचा हात कृत्रिम जबड्यांवर आणि काढलेल्या दातांवर बसविला जातो. प्रत्यक्ष रुग्ण त्याच्यापुढे येतो तो तिसऱ्या वर्षापासून. अवघड दाढा काढणे वा जबड्याच्या शस्त्रक्रिया या पदव्युत्तर विद्यार्थी व अध्यापक यांच्याकडे असतात. तरीही आपल्यावर कोण उपचार करणार, देखरेख कोणाची, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे. तो वापरल्याबद्दल कोणी रागावण्याचे कारण नाही.

बोली आणि निदान

रुग्ण आणि विद्यार्थी यांच्यामध्ये खरी अडचण येते ती भाषेची. शासकीय महाविद्यालयांतील पदवीच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. साहजिकच खुर्चीशेजारी उभी असलेली मुलगी केरळची किंवा राजस्थानची असू शकते. तिने कष्टाने मराठी शिकलेली असली तरी ती पुस्तकी. आणि समोरचे आजोबा वऱ्हाडीत सांगतात. दातांच्या दुःखासाठी आपल्या बोलीत किती निरनिराळे शब्द आहेत! दात आंबतो, थंड लागते, सणक जाते, दाढ ठणकते, हिरडी फुगते. ‘दुखते’ या एका शब्दात हे सारे कोंबले की निदानाचा धागा हातून सुटतो.

हा शब्दभेद नुसता भाषेचा नाही. थंड पाणी लागताच क्षणभर सणक जाते व लगेच थांबते, असे असेल तर दाताची नस बहुधा शाबूत असते आणि वेळीच सिमेंट भरल्याने दात वाचतो. काही न खाता-पिता दाढ आपोआप ठणकू लागते, आडवे होताच कळ वाढते, रात्री झोपेतून उठविते, असे असेल तर नसेला बरी न होणारी सूज आलेली असते. मग मुळांचा उपचार किंवा दाढ काढणे हेच मार्ग उरतात. दात इतरांपेक्षा उंच झाल्यासारखा वाटतो व चावताना दुखतो, याचा अर्थ संसर्ग मुळाच्या टोकापलीकडे गेला. सर्वांत फसवे लक्षण म्हणजे महिनाभर ठणकणारी दाढ एके दिवशी एकाएकी शांत होणे. घरी सर्वांना वाटते की, गुळण्यांनी गुण आला. वास्तविक आतली नस मेलेली असते आणि पू होण्याची सुरुवात त्यानंतर होते. तेव्हा दुखणे कसे, केव्हा आणि किती वेळ, हे रुग्णाने सविस्तर सांगावे. विद्यार्थ्याला शब्द कळला नाही तर त्याने तो पुन्हा विचारावा. अंदाजाने केसपेपर भरू नये.

सांगितले जात नाही असेही काही असते. अध्यापक एखाद्या रुग्णापाशी थांबले की भोवती दहा-बारा विद्यार्थ्यांचे कडे होते. शिक्षणासाठी ते आवश्यक असेल. पण खुर्चीवर एखादी प्रौढ स्त्री असेल आणि शेजारी सासू किंवा दीर उभा असेल, तर मिश्री लावता का, या प्रश्नाला उत्तर ‘नाही’ असेच येते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ वर्षांवरील २६.६ टक्के लोक तंबाखूचे सेवन करतात असे आढळले आणि त्यांत तोंडात धरण्याच्या तंबाखूचा वाटा फार मोठा आहे. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. सुपारी मात्र घरोघर असते, आणि तोंडाचा घास आक्रसत जाणाऱ्या तंतुमयतेच्या विकाराचे मुख्य कारण ती सुपारीच आहे. दाढेसाठी आलेल्या रुग्णाच्या गालात आतून पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम सापडणे, हा दंत महाविद्यालयाच्या फेरीचा कदाचित सर्वांत मोठा लाभ ठरतो. दोन आठवड्यांत न भरलेली तोंडातील कोणतीही जखम तपासून घेतलीच पाहिजे. म्हणून हा प्रश्न गर्दी दूर करून, एकांतात विचारण्याची शिस्त प्रत्येक विभागाने पाळावी, असे सुचवावेसे वाटते.

वरची दाढ काढली तर नजर जाते, ही समजूत अद्याप ऐकू येते. दाताची आणि दृष्टीची नस वेगळी. दात काढल्याने दृष्टी कमी होत नाही. दात साफ केल्याने ते हलू लागतात, हेही असेच. ते आधीच हललेले असतात. साठलेल्या किटणाने त्यांना तात्पुरते धरून ठेवलेले असते एवढेच.

अर्धवट राहिलेला उपचार

धामणगाव बढ्यासारख्या ठिकाणच्या रुग्णाची खरी कसोटी दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीला लागते. राज्य परिवहनच्या गाड्यांत २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना विनामूल्य आणि २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्यात प्रवासाची सवलत मिळाली, त्यामुळे तिकिटाचा भार हलका झाला. बुडालेली मजुरी मात्र कोणी भरून देत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत तर घरातून दोन माणसे निघणे अशक्यच. मुळांच्या उपचारात पहिल्या बैठकीला नस काढून तात्पुरते सिमेंट भरले की ठणका थांबतो आणि रुग्ण पुढची तारीख विसरतो. ते सिमेंट काही आठवड्यांचे सोबती. ते झिजले की लाळेबरोबर जंतू पुन्हा आत शिरतात आणि वर्षभरात गालावर सूज घेऊन तोच रुग्ण परत येतो. त्या वेळी बहुधा दाढ काढावीच लागते. शिबिरात मिळालेल्या चिठ्ठ्यांचे पुष्कळदा असेच होते. तपासणी गावात झाली, चिठ्ठी कोनाड्यात राहिली.

याला उपाय दोन्ही बाजूंनी हवा. एकूण किती फेऱ्या लागतील, हे रुग्णाने पहिल्याच दिवशी विचारून केसपेपरवर लिहून घ्यावे आणि तेवढे दिवस निघणार नसतील तर तसे स्पष्ट सांगावे. मग एखादे वेळी काढणे हाच प्रामाणिक सल्ला ठरतो. जुने कागद, क्ष-किरण चित्रे, चालू औषधांच्या गोळ्या, शिधापत्रिका व आधार कार्ड बरोबर ठेवावे. दूरच्या गावाचा पत्ता असलेल्या केसपेपरवर ठळक खूण करून त्या रुग्णाचे दोन टप्पे एका दिवशी घेणे महाविद्यालयांना अवघड नाही. विद्यार्थ्यांनाही ठरावीक संख्येने उपचार पूर्ण करावयाचे असतात, त्यांच्या अंतिम प्रात्यक्षिक परीक्षेला रुग्ण लागतात. त्यामुळे तारखेला न चुकता येणाऱ्या रुग्णाची तेथे मनापासून वाट पाहिली जाते.

पूर्ण कवळीचे काम तर ठशांपासून बसविण्यापर्यंत साधारण पाच फेऱ्यांचे आहे. प्राथमिक ठसा, अंतिम ठसा, दोन्ही जबड्यांमधील अंतराचे माप, मेणात लावलेल्या दातांची चाचणी आणि मग कवळी. या पाचही फेऱ्या नेटाने करून आलेली कवळी पुढे डब्यात पडून राहते, कारण ती कोठे तरी टोचते आणि तेवढ्यासाठी पुन्हा एवढ्या दूर कोण जाणार! नवी कवळी टोचणे हे स्वाभाविक आहे; बसविल्यानंतर २४ तासांनी रुग्णाला पुन्हा बोलावून टोचणारी जागा घासून देण्याची पद्धत त्यासाठीच आहे. तेव्हा कवळी मिळावयाच्या दिवशी नातेवाइकांकडे एक रात्र मुक्काम करण्याच्या तयारीने निघावे, रात्रीचे जेवण तीच घालून करावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दाखवूनच परतीची गाडी धरावी.