आजार की नुसता आढळ?

रक्ततपासणीत यकृताची एन्झाइम वाढलेली निघाली, कारण मात्र अजून कळलेले नाही. अशा वेळी जर्मन डॉक्टर हिशेबाच्या नोंदीत कोणता आजार लिहितो? कुठलाच नाही. तो लिहितो 'आर ७४.०'.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० वर्गीकरणाची जर्मन आवृत्ती तिथे चालते आणि औषधे व वैद्यकीय उपकरणांचे केंद्रीय कार्यालय ती दरवर्षी सुधारून काढते. २०२० पर्यंत हे काम कोलोनच्या 'डिमडी' या संस्थेकडे होते. यातले अठरावे प्रकरण म्हणजे आर ०० ते आर ९९. सापडले काहीतरी, पण त्याला अजून आजाराचे नाव मिळालेले नाही, अशा गोष्टी इथे येतात. रक्तातले दोष आर ७० ते ७९, लघवीतले ८० ते ८२ आणि मणक्यातल्या पाण्यापासून बायोप्सीच्या तुकड्यापर्यंतचे इतर नमुने ८३ ते ८९.

या शेवटच्या गटाची मांडणी मला फार आवडते. टिंबाआधीचा आकडा नमुना कुठला ते सांगतो, टिंबानंतरचा त्यात काय वेगळे दिसले ते : ० एन्झाइम, ५ जंतू, ६ पेशी, ७ ऊती. म्हणून गर्भाशयमुखाच्या पॅप तपासणीत पेशी वेगळ्या दिसल्या तर आर ८७.६. डिस्प्लेसियाचे, म्हणजे पेशींच्या विकृत वाढीचे, निदान झाले की नोंद एन ८७ मध्ये जाते. २०२० पासून जर्मनीत पस्तिशीपुढच्या स्त्रियांना दर तीन वर्षांनी पॅप आणि एचपीव्ही विषाणू अशी जोडतपासणी मिळते. पेशी वेगळ्या असल्याचा अहवाल हाती आलेल्या बाईने आढळ आणि निदान यांतला हा फरक आधी समजून घ्यावा.

बाह्यरुग्णांच्या नोंदीत आकड्यापुढे एक अक्षर लागते. 'जी' म्हणजे नक्की, 'व्ही' म्हणजे संशय, 'ए' म्हणजे तपासून वगळले, 'झेड' म्हणजे पूर्वी होते. के ७६.० हा चरबीयुक्त यकृताचा आकडा. पुढे 'व्ही' असेल तर फक्त शंका, 'जी' असेल तर निदान. आणि आर ७४.० पुढच्या 'जी'चा अर्थ इतकाच, की एन्झाइम नक्की वाढली आहेत! गंमत म्हणजे नमुना तपासणारी प्रयोगशाळा बहुधा यात पडतच नाही. रुग्णाला न भेटणाऱ्या डॉक्टरांना झेड ०१.७, म्हणजे नुसती 'प्रयोगशाळा-तपासणी', एवढी नोंद चालते.

रुग्णालयांत ही अक्षरे नाहीत, आणि तिथे आकड्यांवर पैसे ठरतात. २००४ पासून निदानगटांप्रमाणे बिल देणे सक्तीचे आहे, त्यामुळे अहवालातली प्रत्येक लाल खूण टिपण्याचा मोह होणारच. रुग्णालयांसाठीची नोंद-नियमावली तो थोपवते : बिघडलेल्या आकड्यामुळे उपचार किंवा पुढची तपासणी करावी लागली तरच तो नोंदवायचा, तोच आकडा पुन्हा मोजून पाहणे पुरेसे नाही. तिच्यातलेच उदाहरण आहे : न्यूमोनियासाठी दाखल रुग्णाचा गॅमा-जीटी (यकृताचे एक एन्झाइम) थोडा वाढलेला, पण त्यावरून पुढे उपचार किंवा वेगळी तपासणी झाली नाही. नोंद नाही. आपल्याकडच्या विमा कंपन्यांनी हे एक पान तरी वाचावे.

काम करण्याची क्षमता गेल्यास मिळणारा विमा घेताना जर्मनीत जुन्या निदानांबद्दल विचारतात. बाह्यरुग्ण-नोंदीत 'व्ही'च्या जागी चुकून 'जी' पडलेले असेल तर ते तिथे भोवते. तुमचे कोणी तिकडे असेल तर त्याला सांगा : आरोग्यविमा संस्थेकडून स्वतःच्या नोंदी मागून घे, आकड्यापेक्षा आधी त्यापुढचे अक्षर वाच, आणि चूक दिसली तर डॉक्टरचे लेखी प्रमाणपत्र घेऊन दुरुस्तीचा अर्ज कर.