परमुलखांतील मायबोलीचें पत्र

आमच्या नरखेड तालुक्याची उत्तरेकडील सीमा ओलांडली, कीं थोड्याच अंतरावर पांढुर्णा शहर लागतें. ता. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं राज्यांची नवी मांडणी झाली, तेव्हां नागपूर मुंबई राज्यांत आलें आणि पांढुर्णा-सौंसर हा मुलूख मध्यप्रदेशांत राहिला. तेथील पुष्कळ घरीं मराठी चालते. कचेरीची भाषा हिंदी. त्या लोकांनीं घर सोडिलें नाहीं. सीमाच त्यांच्या व आमच्या मधून गेली. नागपूरचें आकाशवाणी केंद्र १९४८ सालीं सुरू झालें. त्याच्या ध्वनिलहरींस मात्र ही सीमा ठाऊक नाहीं.

परंतु जे समुद्रापलीकडे गेले, त्यांच्यापर्यंत मायबोली पोंचावी कशी? ह्याचें उत्तम उदाहरण बेने इस्राएल लोकांत आढळतें. कोंकणांत कित्येक शतकें राहिलेले हे यहुदी तेलाचा धंदा करीत व शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांस 'शनिवार तेली' म्हणत. पेणकर, दिवेकर अशीं त्यांचीं आडनांवें गांवांवरूनच पडलीं. त्यांची धर्मभाषा हिब्रू खरी, पण तिची वाट त्यांस मराठीनें दाखविली. डॉ. जॉन विल्सन ह्यांनीं १८३२ सालीं हिब्रूचें व्याकरण मराठींत छापिलें; १८७४ सालीं पुण्यास वल्हांडण सणाचा विधिग्रंथ हिब्रू व मराठी अशा दोन्ही भाषांत निघाला.

१९४८ सालीं इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर त्यांतील बहुतेक कुटुंबें क्रमाक्रमानें तिकडे गेलीं व डिमोना, बैर-शेबा, लोद, अश्दोद इत्यादि ठिकाणीं राहिलीं. तेथें चहूंकडे हिब्रूच; आतां मराठीसच आसरा हवा झाला.

कोणी म्हणतील, नव्या देशांत जुन्या भाषेचें पत्र वाचणें म्हणजे नवी भाषा शिकण्यांत आळस करणें. आम्हांस हें पटत नाहीं. मुलगा शाळेंत कांहीं महिन्यांतच भाषा उचलतो. पण कारखान्यांतून थकून आलेल्या त्याच्या बापानें व घरीं बसलेल्या आजीनें काय करावें? त्या देशांतहि ही अडचण ओळखली गेली होती. १९५१ सालीं 'ओमेर' नांवाचें, स्वरचिन्हें दिलेलें सोप्या हिब्रूचें दैनिक खास नवागतांसाठीं निघालें.

आणि ही गोष्ट केवळ करमणुकीची नव्हे. १९६० नंतर तेथील धर्मगुरूंनीं बेने इस्राएलांच्या विवाहांविषयीं शंका घेऊन वंशाची चौकशी करण्याचा नियम काढिला. निदर्शनें झालीं, आणि ऑगस्ट १९६४ मध्यें ते सर्व बाबतींत इतर यहुद्यांच्या बरोबरीचे आहेत, असें तेथील कायदेमंडळानें जाहीर केलें. आपल्याच कुळाविषयीं हिब्रू पत्रांत काय छापलें जात आहे, हें ज्यास वाचतां येत नव्हतें, त्याची अवस्था वाचकांनीं मनांत आणावी.

कालांतरानें तेथें 'मायबोली' हें मराठी त्रैमासिक निघालें. कवि नोहा मस्सील ह्यांनीं त्याच्या संपादनाचा भार वाहिला. मायदेशाहून आलेलें पत्र मुंबईची बातमी देतें. आपल्याच समाजांत, चार गल्ल्यांपलीकडे काय घडलें, तें तेथेंच छापलेल्या पत्रावरून कळावयाचें.

मात्र अशा पत्राचें आयुष्य अक्षरओळखीवर अवलंबून असतें. तेथें जन्मलेल्या मुलाच्या कानीं आजीची मराठी पडते, पण डोळ्यांस देवनागरी अनोळखीच. पांढुर्ण्याच्या मुलास हिंदीच्या निमित्तानें तीच अक्षरें मिळतात, म्हणून तो नागपूरचें पत्र, अडखळत कां होईना, वाचूं शकतो. डिमोनाच्या मुलास ही सोय नाहीं. त्यास आजोबांनींच मांडीवर घेऊन बाराखडी शिकवावी लागते.