परसबागेतील तळे : बेडूक हवेत, डास नकोत

ब्रिटनमध्ये घरामागील बागेत वन्यजीवांसाठी लहानसे तळे करणे ही सर्वपरिचित बाब आहे. भारतात मात्र असे तळे करू पाहणाऱ्यासमोर पहिला प्रश्न उभा राहतो तो डासांचा. हा प्रश्न रास्तच आहे. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस इजिप्ती हा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, तर शहरी हिवतापाचा वाहक असलेला ॲनोफिलिस स्टीफेन्सी विहिरी आणि गच्चीवरील टाक्यांमध्ये वाढतो. उष्ण हवेत अंड्यापासून पूर्ण वाढलेला डास तयार होण्यास आठ ते दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक दिवस पाण्याची भांडी कोरडी करण्याचे आवाहन आरोग्य विभागांकडून केले जाते, ते याच कारणासाठी.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. सन २०२३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यानुसार उभयचरांच्या सुमारे ४१ टक्के प्रजाती धोक्यात आहेत. शहरांतील डबकी बुजली, अंगणे फरसबंद झाली आणि बेडकांना अंडी घालण्यासाठी उथळ पाणी उरले नाही. हे उथळ पाणी परत देता येते, मात्र ते पिंपातील पाण्यासारखे निर्जीव असता कामा नये.

पिंप आणि तळे यांतील खरा फरक पाण्यात नसून त्यातील भक्षकांत आहे. चतुर आणि टाचण्या यांची पिल्ले पाण्यातच वाढतात व डासांच्या अळ्यांवर ताव मारतात. उलटे पोहणारे पाणकीटक आणि पाणभुंगेरेही हेच काम करतात. ही मंडळी कोणी आणून सोडावी लागत नाहीत. ती उडत येतात. पावसाळ्यात मैदानांवर थव्याने घिरट्या घालणारा पिवळसर चतुर, पँटाला फ्लॅव्हेसेन्स, नव्याने साचलेल्या पाण्याच्या शोधातच असतो. त्याची पिल्ले दीड-दोन महिन्यांत वाढ पूर्ण करतात.

अडचण पहिल्या काही आठवड्यांची आहे. पाणी भरताच डास येतात, भक्षक मागाहून स्थिरावतात. या काळात दर आठवड्याला पांढऱ्या वाटीत तळ्यातील पाणी घेऊन अळ्या पाहाव्यात. त्या आढळल्यास ‘बीटीआय’ या नावाने ओळखले जाणारे जिवाणूजन्य कीटकनाशक वेष्टनावरील प्रमाणानुसार वापरता येते. ते मुख्यत्वे डास आणि त्यांच्या निकटच्या माश्यांच्या अळ्यांवर परिणाम करते. टेमेफॉससारखे रासायनिक द्रव्य, तसेच रॉकेल किंवा तेल टाळावे, कारण त्यांनी भक्षकही मरतात आणि तळे पुन्हा पिंपाच्या पातळीवर येते. अनेक महापालिका अळ्या आढळल्यास नोटीस बजावतात, हेही ध्यानात ठेवावे. बागेतील कुंड्यांखालच्या बशा, टायर आणि करवंट्या तशाच ठेवून केवळ तळ्यावर लक्ष ठेवण्यात अर्थ नाही.

यावर अनेक जण सुचवतात तो उपाय म्हणजे गप्पी किंवा गॅम्बुसिया मासे. गॅम्बुसिया भारतात १९२८ मध्ये डास नियंत्रणासाठी आणण्यात आला. बंदिस्त टाकीत किंवा शोभेच्या हौदात माशांचा उपयोग असेलही. वन्यजीवांसाठीच्या तळ्यात मात्र गॅम्बुसिया बेडकांची अंडी, लहान डिंभ आणि चतुरांची पिल्लेही खातो. जगातील सर्वाधिक उपद्रवी १०० परक्या प्रजातींच्या यादीत त्याचा समावेश आहे. पावसात तळे भरून वाहिले की हे मासे गटारामार्गे ओढ्यात जातात. थोडक्यात, बेडकांसाठीचे तळे माशांविना असावे. पाळलेली परदेशी कासवे त्यात सोडण्याचा मोहही आवरावा.

बांधणी अवघड नाही. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि मध्यभागी ६० सेंटिमीटर खोल असा खड्डा पुरेसा ठरतो. उतार धरता त्यात हजार लिटरच्या आतच पाणी मावते. किमान एक बाजू ताटासारखी हळूहळू उतरती हवी. महाराष्ट्रातील प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या शेततळ्यांच्या उभ्या, निसरड्या कडांवरून आत पडलेले प्राणी वर येऊ शकत नाहीत. लहान तळ्यात ही चूक टाळणे सोपे आहे. अस्तरासाठी शेततळ्याचाच ५०० मायक्रॉनचा कागद चालतो. खोलीची दुप्पट आणि काठासाठी ६० सेंटिमीटर धरून वरील मापाला ३.८ बाय ३.३ मीटरचा तुकडा लागतो. त्याखाली वाळू किंवा जुनी पोती अंथरावीत. जागा दिवसाचे काही तास उन्हाची, पण पानगळीच्या झाडाखाली नसलेली असावी. घरात लहान मूल असल्यास कुंपण किंवा भक्कम जाळी अनिवार्य आहे, कारण वीतभर पाणीही जीवघेणे ठरू शकते.

पाणी शक्यतो पावसाचे भरावे. नळाचे असल्यास एक-दोन दिवस उघडे ठेवावे, म्हणजे त्यातील क्लोरीन बऱ्याच अंशी उडून जाते. पश्चिम किनाऱ्यावर जूनचा आरंभ, दिल्लीकडे जूनअखेर आणि तमिळनाडूत ऑक्टोबर हा भरण्याचा योग्य काळ होय. काठाला ब्राह्मी, वेखंड आणि वाळा लावता येतो. मंडूकपर्णीही ओल्या काठावर सहज पसरते; नावातच बेडूक असलेली ही वनस्पती येथे शोभून दिसेल. जलपर्णी मात्र एक रोपटेही नको.

बेडूक बाहेरून पकडून आणू नयेत. त्यामुळे रोगांचा प्रसार होतो, आणि काही प्रजातींना वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवचही आहे. जवळपास बेडूक असतील तर ते स्वतःच येतात. पाणवनस्पतींभोवती गुंडाळलेल्या, काळे मणी ओवल्यासारख्या लांब माळा दिसल्या तर ती भेकाची अंडी समजावीत. बेडकांमागोमाग पाणदिवड हा साप येण्याची शक्यता असते. तो बिनविषारी आहे, मात्र डिवचल्यास चावतो.

उन्हाळ्यात हिशेब बदलतो. विदर्भासारख्या भागात मे महिन्यात पाण्याची पातळी दररोज एक सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक घटू शकते. वरील मापाच्या तळ्यातून म्हणजे रोज सुमारे ३० लिटर. टंचाईच्या गावात एवढे पाणी ओतत राहण्याची गरज नाही. आपल्याकडील कित्येक बेडकांचे चक्र पावसाळी डबक्यांवरच बेतलेले असल्याने, डिंभांचे बेडूक होऊन ते बाहेर पडल्यानंतर तळे आटू दिले तरी चालते. मात्र ते पूर्ण आटू द्यावे. तळाशी वीतभर कोमट पाणी आठवडेच्या आठवडे साचून राहिले तर भक्षक निघून जातात आणि डास उरतात. आटलेल्या तळ्यातील गाळ निम्मा काढून झाडांना घालावा व उरलेला पुढील पावसासाठी तसाच ठेवावा.