कडू म्हणजे कडक नव्हे: डबल आयपीए चाखायची कशी?

(एपिसोडचं लेखी रूप)

आजचा विषय ग्लासातला आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो. कायद्याने वय झालं असेल आणि गाडी चालवायची नसेल, तरच प्रात्यक्षिक करा. ऐकायला सगळ्यांना परवानगी.

आपल्याकडे ‘स्ट्राँग बिअर’ म्हणजे चढणारी बिअर. थंडगार करायची, घटाघट संपवायची, चव कोण बघतो? डबल आयपीएमध्येही अल्कोहोल साधारण साडेसात ते दहा टक्के असतं, पण तिचा खरा खेळ हॉप्सचा.

हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी, शंकूसारखी फुलं. ती बराच वेळ उकळली की त्यांतली अल्फा आम्लं बदलतात आणि कडूपणा उतरतो. पण सुगंधी तेलं तोवर वाफेबरोबर उडून जातात. म्हणून वासासाठीचे हॉप्स उकळण्याच्या शेवटी, किंवा बिअर आंबताना-आंबल्यावर टाकतात. यातल्या दुसऱ्या पद्धतीला म्हणतात ड्राय हॉपिंग. चहात वेलदोडा शेवटी टाकतो ना, तसंच.

या प्रकारातलं गाजलेलं नाव म्हणजे कॅलिफोर्नियातल्या रशियन रिव्हर ब्रूइंगची ‘प्लायनी द एल्डर’. अल्कोहोल ८ टक्के. ती बनवणारे विनी सिलुर्झो यांनी १९९४ मध्येच, ब्लाइंड पिग या आधीच्या ब्रुअरीत, दुप्पट हॉप्सचा प्रयोग केला होता. प्लायनीच्या लेबलवरच बजावलेलं असतं: ताजी प्या, साठवू नका. कारण हॉप्सचा वास सगळ्यात आधी मरतो.

आता चाखूया.

एक, ग्लास. स्वच्छ हवा. आतल्या कडेला बुडबुडे चिकटून बसले, तर ग्लास नीट धुतलेला नाही. बर्फासारखी गार बिअर नको. फ्रिजमधून काढून दहा मिनिटं थांबा. फार थंडीत वास दबतो.

दोन, नाक. ओतल्या ओतल्या छोटे छोटे हुंगे घ्या. पपनस, मोसंबीची साल, चिडाचा डिंक, कधी पिकलेला आंबा. नावं आपल्या घरातली द्या, चालतं! ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बिअर शिळी आहे, हवा लागलीय. उग्र, कुबट वास आला तर तिला बहुतेक ऊन लागलंय. बाटल्या तपकिरी असतात त्या त्यासाठीच.

तीन, जीभ. छोटा घोट, तोंडभर फिरवा, गिळा आणि थांबा. कडूपणा उशिरा येतो. बिअरवर आयबीयूचा आकडा असतो, डबल आयपीएत तो साधारण ६० ते १००. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. कारल्याच्या भाजीत गूळ घातला की कारलं तेवढंच कडू असतं, आपल्याला कमी लागतं. बिअरमध्ये हे काम माल्टचा गोडवा करतो. चांगल्या डबल आयपीएत कडू रेंगाळतं, पण घसा खरवडत नाही. आणि अल्कोहोलची जळजळ जाणवू नये.

चाखताना तोंडी लावायला साधा पाव आणि पाणी. तिखट चकणा नंतर. कडूपणाने आणि अल्कोहोलने तिखट जास्तच झोंबतं.

गुण द्यायचेत? बीजेसीपी या परीक्षकांच्या संस्थेच्या पत्रिकेत ५० गुण असतात: वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला पोत ५, एकूण अनुभव १०. बघा, चढण्याला एकही गुण नाही.

शेवटी एक हिशोब. ८ टक्क्यांच्या ५०० मिलीच्या मगात ४० मिली शुद्ध अल्कोहोल. ३० मिलीच्या, ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या पेगमध्ये जेमतेम १३. म्हणजे एक मग तीन पेगांहून थोडा जास्तच! “एकच बिअर घेतलीय रे” म्हणत बाइकला किक मारणाऱ्या मित्राला हे नक्की ऐकवा. चाखायला १०० मिली पुरे, बाकीची वाटून घ्या.

भेटू पुढच्या भागात!