माठाची जुडी, पालकाची जुडी

दिवा स्टेशन सुटले की गाडीत थोडी हवा खेळते आणि नजर बाहेर जाते. रुळांच्या कडेला, नाल्याला चिकटून, अजून काही ठिकाणी भाजीचे वाफे दिसतात. रूळ वाढत गेले तशी त्यांची जागा आक्रसत गेली. तरी लाल माठाचा एखादा पट्टा, शेजारी पालक आणि पाणी साचते तिथे अळू, एवढे अजून दिसते. नाल्याच्या पाण्यावरची ती भाजी खावी का, हा वाद वेगळा. मी खात नाही. पाहण्यासाठी मात्र इतका चांगला वर्ग दुसरीकडे मिळायचा नाही.

माठ आणि पालक एकाच कुळातले. दोघांना तेच ऊन, तेच पाणी, तीच माती. तरी मे महिन्यात डोंबिवलीच्या बाजारात पालकाची जुडी बारीक होते, पाने पिवळट दिसतात, भाव चढतो. माठ मात्र टवटवीत असतो. भाजीवालीला विचारले तर ती म्हणेल, पालक थंडीचा, माठ उन्हाळ्याचा. तिचे म्हणणे बरोबर आहे. त्याचे कारण पानाच्या आत, एका प्रथिनाच्या गोंधळलेल्या स्वभावात आहे.

त्या प्रथिनाचे नाव रुबिस्को. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून साखरेच्या वाटेला लावण्याचे काम ते करते. पृथ्वीवरचे जवळपास सगळे अन्न कधी ना कधी त्याच्या हातून गेलेले असते. इतक्या मोठ्या कामाला इतका सुस्त कारकून कसा नेमला गेला, असा प्रश्न पडावा: सेकंदाला जेमतेम तीनेक रेणू तो हातावेगळे करतो. वर त्याला माणसे नीट ओळखू येत नाहीत. कार्बन डायऑक्साइड समजून तो मधूनमधून ऑक्सिजनलाच पकडतो. हवेत ऑक्सिजन 21 टक्के आणि कार्बन डायऑक्साइड 0.04 टक्के, म्हणजे चूक व्हायला वाव भरपूर. उबदार हवेत साधारण चार वेळांत एकदा तो चुकतो. चुकून तयार झालेला निरुपयोगी पदार्थ निस्तरायला वनस्पतीला ऊर्जा खर्चावी लागते आणि आधी कमावलेला थोडा कार्बनही हातचा जातो. पारा चढला की चुका वाढतात. पालकाची मे महिन्यातली रडकथा ही.

माठाने यावर तोड काढली आहे. पानाच्या बाहेरच्या पेशींत त्याने दुसरेच प्रथिन बसवले आहे, ज्याला ऑक्सिजनचा भुलावा पडत नाही. ते कार्बन पकडून चार कार्बनांचे आम्ल बनवते. हे आम्ल आत, शिरेभोवती कडे करून बसलेल्या पेशींत पोचवले जाते. तिथे कार्बन डायऑक्साइड पुन्हा सुटा होतो, बाहेरच्या हवेच्या कैक पटींनी दाट. रुबिस्को बसलेला असतो त्या आतल्या खोलीतच. भोवती इतकी गर्दी एकाच प्रकारची असली की वेंधळ्यालाही चुकायला वाव राहत नाही. पहिला पदार्थ चार कार्बनांचा म्हणून या वनस्पतींना सी-4 म्हणतात. पालक, भात, वाल, आंबा यांच्यात तो तीन कार्बनांचा, म्हणून ते सी-3.

ही चार कार्बनांची वाट उसाच्या पानात उलगडली. हवाईच्या ऊसमळेवाल्यांच्या प्रयोगशाळेत ह्यूगो कोर्टशाक यांना दिसले की उसात कार्बन आधी भलत्याच आम्लांत जातो. 1966 साली ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनमध्ये, हॅल हॅच आणि रॉजर स्लॅक यांनी सगळी साखळी जुळवली. त्यांची प्रयोगशाळाही एका साखर कंपनीचीच. कल्याण स्टेशनबाहेर रसवंतीत ग्लास हातात घेताना हे आठवले तर आठवावे.

आता गाडी सोडून मुरबाड किंवा शहापूरकडे जाऊ. ठाणे जिल्ह्यात शेत म्हणजे दोन तऱ्हेची जमीन. खाली बांध घालून पाणी अडवलेली भातखाचरे आणि वर डोंगरउताराची वरकस. खाचरांतही प्रतवारी आहे: उंचावरच्या, लवकर कोरड्या पडणाऱ्या खाचरात हळवे भात, मधल्यात निमगरवे, सखल भागात गरवे. वरकसावर पहिल्या वर्षी नाचणी, मग वरई, मग खुरासणी किंवा तीळ, आणि नंतर काही वर्षे जमीन पड. या रचनेत सी-3 भात खाली आणि सी-4 नाचणी-वरई वर, अशी नेटकी वाटणी दिसते.

आपल्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते, असे म्हणणाऱ्यांच्या रांगेत मला उभे राहायचे नाही. पाणी अडले तिथे भात लावला, नाही अडले तिथे जे तगले ते पेरले, इतकाच व्यवहार. वरकस ठाकूर-कातकऱ्यांच्या आणि गरीब कुणब्यांच्या वाट्याला आली ती सगळ्यात हलकी जमीन म्हणूनच. पण ‘जे तगले ते’ नाचणीच का ठरले, हे पाहण्यासारखे आहे.

सहज सुचणारे उत्तर असे की सी-4 जास्त चांगले, म्हणून ते तगले. ते चुकीचे आहे. कार्बन दोनदा पकडायला जादा ऊर्जा लागते आणि ती उन्हातून येते. जुलै-ऑगस्टमध्ये इथे अनेक दिवस सूर्यच दिसत नाही. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. अशा काळोख्या, गारव्याच्या दिवसांत माठ-नाचणीची युक्ती निव्वळ खर्चिक ठरते आणि भात मागे राहत नाही. श्रावणातले आभाळ भातालाच मानवते.

नाचणीची कमाई दुसरीकडे आहे. वरकसावर वीतभर माती, खाली कातळ. आठवडाभर पाऊस उघडला की माती कोरडी पडते आणि ऊन चटकते. पानाला कार्बन घ्यायचा तर रंध्रे उघडावी लागतात आणि उघड्या रंध्रांतून पाणी उडून जाते. कार्बन पकडण्यात तरबेज असल्यामुळे नाचणी रंध्रे थोडीच किलकिली ठेवून भागवते; तेवढ्याच कार्बनासाठी भाताच्या मानाने निम्म्याच्या आसपास पाणी तिला पुरते. दुसरी बचत नत्राची. भात आपल्या पानातल्या नत्राचा जवळपास चौथा हिस्सा एकट्या रुबिस्कोवर खर्च करतो, कारण कारकून सुस्त असला की भरती जास्त करावी लागते. सी-4 पानाचे याच्या निम्म्याहून कमी नत्रात भागते. धुपून गेलेल्या, शेणखत कधी न पोचणाऱ्या उतारावर ही काटकसर जिवंत राहण्याइतकी मोलाची. आणि तीन वर्षांनी तीही पुरेनाशी झाली की जमीन पड टाकायची.

मला खरी गंमत वाटते ती खाचरातली. तिथे भाताचे शत्रू बहुतांशी सी-4 आहेत. लव्हाळा सी-4. सावा कुळातले रानगवत, जे कोवळेपणी भातासारखेच दिसते आणि निंदणाऱ्या बाईलाही फसवते, तेही सी-4. जूनमध्ये, आभाळ पुरते दाटण्याआधी, उघड्या जमिनीवर भाताचे आणि या गवतांचे बी एकदम रुजले तर निकाल सांगायला नको. इथल्या शेतकऱ्याने भाताला ती शर्यत कधी बरोबरीने पळूच दिली नाही. उन्हाळ्यात रोपाच्या जागेवर शेण, पालापाचोळा, ऐनाच्या फांद्या, माती रचून राब भाजायचा. राखेतून पालाश मिळते, माती भुसभुशीत होते, आणि वरच्या थरातले तणाचे बी जळते. त्यात वाढलेले तीनेक आठवड्यांचे रोप उपटून चिखलात लावायचे, वर पाणी उभे ठेवायचे. तणाचे बी पाण्याखाली गुदमरते आणि भात आधीच वीतभर वर असतो. राब, आवण, चिखलणी, लावणी ही सगळी यातायात म्हणजे एका सी-3 पिकाला दिलेली आघाडी आहे.

राबाचा धूर कमी व्हावा हे मला मान्य आहे, झाडांचे हालही दिसतात. पण ‘अडाणी प्रथा’ हा शेरा जुनाच. एकोणिसाव्या शतकात वनखात्याने राबासाठी फांद्या तोडण्यावर बंधने आणली तेव्हा ठाणे-कुलाब्यात असंतोष इतका वाढला की 1885 साली मुंबई सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला.

भात कापले की त्याच ओलीवर वाल. हाही सी-3, पण नोव्हेंबर ते फेब्रुवारीची रात्र गार, दव पडते, रुबिस्कोच्या चुका आपोआप कमी होतात. नत्राची सोय वाल मुळांच्या गाठींतून स्वतःच करतो आणि पुढच्या भातासाठी थोडे मागे ठेवतो. डोंबिवलीच्या घरांत कडव्या वालांना मोड आणून सोलायला बसतात, त्या डाळिंब्यांच्या मागे हा थंड रात्रींचा हिशोब असतो. आणि उरलेला उन्हाळा? तो माळाच्या गवताचा. मारवेल, कुसळी, दोन्ही सी-4. मुंबईच्या तबेल्यांतल्या म्हशींना भाताचा पेंढा आणि डोंगरचे गवत दोन्ही पोचत आले आहे. जड आणि हलक्या कार्बनचे प्रमाण दोन्ही पानांत वेगळे असते आणि ते दुधातही उतरते. म्हशीने काय खाल्ले, हे दुधाची चाचणी करून ओळखता येते.

मग भातालाच सी-4 का करू नये? फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने हा ध्यास घेतला आणि 2008च्या सुमारास बिल गेट्स यांच्या प्रतिष्ठानाचा पैसा मिळून मोठा प्रकल्प उभा राहिला. पुढे त्याचे सूत्र ऑक्सफर्डकडे गेले. काम सोपे नाही. नुसती रसायने बदलून भागत नाही, पानाची बांधणीच बदलावी लागते. भिंगातून भाताचे आणि नाचणीचे पान उजेडाकडे धरून पाहा: नाचणीच्या शिरा दाट, भाताच्या विरळ. निसर्गाने मात्र ही बांधणी साठाहून अधिक वेळा, वेगवेगळ्या कुळांत, स्वतंत्रपणे करून दाखवली आहे. दरम्यान हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत 280 भागांवरून 420च्या वर गेला आहे. त्याचा फायदा कागदावर भाताला जास्त, कारण गर्दी वाढली की रुबिस्को कमी चुकतो. पण त्याच वायूने वाढलेली उष्णता तो फायदा खाते, आणि अशा हवेतल्या तांदळात प्रथिने व जस्त कमी भरतात.

कल्याण-शीळ रस्त्याच्या कडेची खाचरे तर दोन्ही हिशोबांच्या बाहेर गेली. तिथे आता विसाव्या मजल्यावर गॅलऱ्या आहेत, आणि गॅलरीत तिसऱ्या तऱ्हेची पाने. कोरफड, पानफुटी, आणि आपण ब्रह्मकमळ म्हणतो तो निवडुंगाचा भाऊ. ही मंडळी दिवसा रंध्रे मिटून घेतात. रात्री उघडून कार्बन आम्लाच्या रूपात साठवतात आणि उजाडल्यावर बंद दाराआड साखर करतात. पानफुटीचे हे गुपित मद्रास इलाख्यात काम करणाऱ्या बेंजामिन हाइन यांनी चव घेऊन ओळखले होते. सकाळी आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी किंचित कडवट, असे त्यांनी कळवले आणि ते 1815 साली लंडनच्या लिनियन सोसायटीच्या अंकात छापून आले.

तुम्ही चावून पाहू नका, त्या पानात हृदयाला न मानवणारी द्रव्ये असतात. निळा लिटमस कागद पुरे. माझ्या खिडकीतल्या कुंडीत सकाळी सहाच्या पानाचा रस कागद लालभडक करतो, संध्याकाळचा नुसता जांभळट.

राहिला घोळ. कुणी पेरत नाही, तरी फुटपाथच्या भेगेत येतो आणि पावसाळ्यात भाजीवालीच्या टोपलीतही असतो. पाणी असते तोवर तो माठासारखा सी-4. ताण पडला की पानफुटीसारखी रात्रपाळीही सुरू करतो. हे दोन्ही उद्योग तो एकाच पेशीत चालवतो, असे येल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2022 साली दाखवून दिले. बाजारात त्याला जुडीचाही मान नाही. मूठभर उचलून वरून टाकला जातो.