दोन विमानांच्या मधलं इस्तंबूल

मुंबईहून युरोप-अमेरिकेला जाताना इस्तंबूलला विमान बदलायचं असतं, मधे दहा-बारा तास असतात, आणि आपली मंडळी ते विमानतळावरच्या खुर्च्यांवर पाय पसरून काढतात. मला याची फार हळहळ वाटते. मी साताऱ्यात शाळेत इतिहास शिकवायचे. १४५३ साली ऑटोमन तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, हे वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं. ते कॉन्स्टँटिनोपल म्हणजेच हे इस्तंबूल. म्हणून मुलाकडे फ्रँकफर्टला जाताना सकाळी उतरून रात्री निघायचं, असंच तिकीट मी मुद्दाम काढायला लावलं.

आधी वेळेचा हिशेब, आणि तो उलटा करायचा. विमान रात्री अकराचं असेल तर आठला विमानतळावर पोचायला हवं. विमानतळ शहरापासून लांब, काळ्या समुद्राच्या बाजूला आहे. मेट्रो आणि बस दोन्ही आहेत, पण संध्याकाळच्या गर्दीत रस्त्याने दीड तास सहज जातो. म्हणजे सहा-साडेसहाला परतीला लागायचं. सकाळची इमिग्रेशनची रांग आणि शहरात पोचणं वजा केलं की हातात सहा-सात तास उरतात. आपल्या घड्याळापेक्षा तिथलं घड्याळ अडीच तास मागे, त्यामुळे आपण तसेही पहाटे जागे असतो. तो फायदा घ्यावा.

एवढ्या वेळात यादी संपवायला निघू नये. मनात बरीच वर्षं असलेली एकच गोष्ट घ्यावी आणि तिच्याभोवती पायी फिरता येईल एवढाच भाग पाहावा. मी तोपकापी राजवाडा सोडला, ग्रँड बझारही सोडला. बझारात शिरलं की दोन तास कुठे गेले ते कळत नाही, आणि गालिचे काही पळून जात नाहीत. ह्यांना थोडं वाईट वाटलं, पण ऐकलं त्यांनी.

सुल्तानअहमद या जुन्या भागात आम्ही फक्त हागिया सोफिया पाहिली. सम्राट जस्टिनियनने ५३२ ते ५३७ या पाचच वर्षांत हे चर्च बांधून घेतलं. १४५३ नंतर मशीद, १९३५ पासून संग्रहालय, २०२० पासून पुन्हा मशीद. परदेशी पर्यटकांना आता वरच्या सज्जात जाता येतं आणि त्याला पंचवीस युरोचं तिकीट आहे. महाग आहे, तरी द्यावं. बायकांनी डोक्यावर घ्यायला ओढणी जवळ ठेवावी.

घुमटाच्या तळाशी चाळीस खिडक्यांचं कडं आहे. त्यातून उजेड आत येतो तेव्हा एवढा मोठा घुमट कशावर उभा आहे हेच समजेनासं होतं. पण माझे पाय खिळले ते वरच्या सज्जातल्या संगमरवरी कठड्यापाशी. तिथे काही वेड्यावाकड्या रेघा कोरल्या आहेत. सम्राटांच्या पदरी उत्तरेकडचे वायकिंग शिपाई असत, त्यांच्यापैकी कुणीतरी हजारएक वर्षांपूर्वी कोरलेलं ते नाव. त्यातलं ‘हाल्फदान’ एवढंच आता वाचता येतं. मागून लोक मोबाइल उंचावून पुढे सरकत होते. मी तिथेच थांबले. आमच्या वर्गातली मुलं बाकावर कर्कटकाने नावं कोरायची, ती आठवली.

तिथून उतार धरून चालत एमिनोन्यूच्या धक्क्यावर यायला वीसेक मिनिटं लागतात. ट्रामही आहे. इथून काडिक्यॉयला जाणारी साधी फेरीबोट घ्यावी. ही रोज कामावर जाणाऱ्या लोकांची बोट. मेट्रोला चालणारं इस्तंबूलकार्ड इथेही चालतं. वीस मिनिटांत आशिया खंड! बोटीवर कमरेत बारीक असलेल्या ग्लासातून बिनदुधाचा चहा मिळतो आणि तीळ लावलेलं, कड्यासारखं सिमित. लोक त्याचे तुकडे सीगल पक्ष्यांना टाकत असतात.

बोट धक्क्यावरून सुटली की मागे गोल्डन हॉर्नच्या खाडीचं तोंड दिसतं. १४५३ मध्ये ते लोखंडी साखळीने बंद केलेलं होतं. एकवीस वर्षांच्या सुलतान दुसऱ्या मेहमदने त्यावर उपाय काढला: चरबी चोळलेल्या ओंडक्यांवरून, खाडीपलीकडच्या गलाटा वस्तीच्या मागची टेकडी ओलांडून, सत्तरच्या आसपास जहाजं त्याने खाडीत उतरवली. हे मी दर वर्षी रंगवून सांगायचे. पण तो चढ किती आहे आणि ते पाणी किती अरुंद आहे, हे बोटीवर उभी राहिले तेव्हा समजलं. बॉस्फरसच्या सामुद्रधुनीतून जाणारं प्रत्येक जहाज या शहराच्या नजरेखालून जातं. असं ठिकाण जिंकायला कुणीही जिवाचं रान करेल. काडिक्यॉयला आम्ही फारसे फिरलोही नाही, पुढच्या बोटीने परतलो.

जाणार असाल तर तिकीट काढायच्या आधीच दोन-तीन गोष्टी पाहा. तुर्कस्तानचा ई-व्हिसा भारतीयांना सरसकट मिळत नाही. शेंगेन, अमेरिका, ब्रिटन किंवा आयर्लंडचा चालू व्हिसा हाताशी लागतो, आणि नियम बदलतात, म्हणून सरकारी संकेतस्थळावर खात्री करून घ्या. तोपकापी मंगळवारी बंद, ग्रँड बझार रविवारी बंद, आणि शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी हागिया सोफियात पर्यटकांना सोडत नाहीत. त्या दिवशी आधी बोट करा, मग हागिया सोफिया.